आभाळ फाटलं तर ठिगळ कुठून लावायचं?

‘लीडरशिप’ हा शब्द आपल्या कॉलेजात ‘चहा’च्या खालोखाल वापरला जात असेल! इंडक्शनला आलेले पाहुणे त्यावर बोलतात, प्लेसमेंटचे सर बोलतात, आणि गॅदरिंग जवळ आलं की कमिटीतला प्रत्येकजण बोलतो. जी.डी.च्या तयारीत तर उत्तर पाठच असतं. लीडर म्हणजे कोण? तर ज्याच्या कंट्रोलमध्ये सगळं असतं तो.

मित्रमैत्रिणींनो, हे उत्तर ऐकायला छान आहे. पण आपण उद्या जिथे नोकरीला लागणार, त्या साईटवर, शॉपफ्लोअरवर किंवा ऑफिसात ते कितपत टिकेल? स्लॅब भरायच्या दिवशीच पाऊस येतो. मशिनचा पार्ट पुण्याहून निघालेला असतो पण पोचलेला नसतो. गवंड्याच्या हाताखालची माणसं ऊसतोडीला निघून गेलेली असतात. क्लायंट शेवटच्या आठवड्यात डिझाइन बदलतो. वरच्या साहेबांची बदली होते आणि नवे साहेब सगळं पहिल्यापासून विचारतात. यातलं काहीच आपल्या हातात नसतं, आणि तरी काम पूर्ण करायची जबाबदारी आपलीच असते.

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावणार?’ वाक्य म्हणून ते झकास आहे, पण ज्याच्यावर कामाची जबाबदारी आहे त्याला ते म्हणून घरी जाता येत नाही. त्याला सुई-दोरा घेऊन कुठून तरी सुरुवात करावीच लागते. ती कुठून करायची, हा या लेखाचा विषय. त्यासाठी अमेरिकेतल्या कंपन्यांची उदाहरणं शोधायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्याने हा प्रश्न सोसलेला आहे.

आधी थोडी थिअरी

सुमारे १९०० वर्षांपूर्वी एपिक्टेटस नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. जन्माने तो गुलाम होता, म्हणजे स्वतःचा दिवससुद्धा त्याच्या हातात नव्हता. त्याच्या शिकवणीचा पाया अगदी साधा आहे. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आणि हा फरक ओळखता आला की निम्मं दुःख कमी होतं. १९८९ मध्ये स्टीफन कवी या अमेरिकन लेखकाने हीच गोष्ट मॅनेजमेंटच्या भाषेत मांडली. त्याने दोन वर्तुळं काढली, एक आपल्या काळजीचं आणि त्याच्या आत एक छोटं, आपल्या प्रभावाचं. शहाणा माणूस आतल्या वर्तुळात काम करतो आणि मग ते वर्तुळ हळूहळू मोठं होतं.

दोन्ही गोष्टी पटतात. पण लीडरचा प्रश्न एकट्या माणसापेक्षा थोडा वेगळा असतो असं मला वाटतं. त्याच्यासाठी दोन खाने पुरत नाहीत, तीन रकाने लागतात. पहिला रकाना, ‘माझ्या हातात’. शेवटचा, ‘कुणाच्याच हातात नाही’. आणि मधला, ‘दुसऱ्याच्या हातात’. माणसं चुकतात ती बहुतेक या मधल्या रकान्यात. काहीजण दुसऱ्याच्या हातातली गोष्ट ओढून स्वतःच्या हातात घेऊ पाहतात. काहीजण ती ‘कुणाच्याच हातात नाही’ म्हणून सोडून देतात. चांगल्या लीडरचं खरं कसब याच मधल्या रकान्यात दिसतं. हे किल्लारीच्या भूकंपाच्या कामात जितकं स्पष्ट दिसतं, तितकं क्वचितच कुठे दिसेल.

३० सप्टेंबर १९९३

आपल्यापैकी कुणाचाच तेव्हा जन्म झालेला नव्हता, पण घरी विचारून बघा. त्या पहाटे आपण कुठे होतो हे या भागातला प्रत्येक मोठा माणूस सांगू शकतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचं विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता होती ६.२. नाव किल्लारीचं झालं, कारण औसा तालुक्यातलं किल्लारी उद्ध्वस्त झालं. पण लातूर जिल्हा १९८२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातून वेगळा झालेला. जिल्ह्याची हद्द भूकंपाला थोडीच माहीत असणार! आपल्याकडची सास्तूर, राजेगाव, होळी ही गावंही त्या पहाटे जमीनदोस्त झाली. एकूण सुमारे ८,००० माणसं गेली, सुमारे १६,००० जखमी झाली. ५२ गावं जवळजवळ पूर्ण पडली आणि नुकसान झालेल्या गावांची संख्या दोन हजारांच्या वर गेली.

आता त्या सकाळी कामावर असलेल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. लातूरचे कलेक्टर होते प्रवीण परदेशी, वयाने तरुण अधिकारी. मुख्यमंत्री होते शरद पवार. तलाठी, तहसीलदार, पी.डब्ल्यू.डी.चे इंजिनीअर, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, एस.टी.चे डेपो मॅनेजर, या सगळ्यांचं ‘वर्कप्लेस’ एका मिनिटात ओळखू येईनासं झालं होतं.

तिसऱ्या रकान्यात काय काय होतं ते आधी लिहू. भूकंप कधी येणार हे आधी सांगता येत नाही, आजही येत नाही. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते, पण त्यावरून तारीख काढणं कुणालाही शक्य नव्हतं. दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते. आपला भाग इमारतींच्या भारतीय मानकात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. (२००२ मध्ये ते मानक सुधारलं आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये आला. सिव्हिलवाल्यांना हे पाठ असेलच.) भूकंपानंतर पाऊस आला, तोही कुणाच्या हातात नव्हता. पुन्हा पुन्हा बसणारे धक्के, आणि गेलेली माणसं... या रकान्यापुढे माणसाने फक्त मान खाली घालायची.

पहिला रकाना छोटाच असतो

मग हातात काय होतं? पहिल्या तासाला फक्त एक गोष्ट, नेमकं काय झालंय ते शोधून काढणं. पवारांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की हादरा जाणवल्यावर पहिली शंका कोयनेची आली. ते साहजिकच होतं, कारण १९६७ चा कोयनेचा भूकंप महाराष्ट्राच्या लक्षात होता. पण शंकेवर न थांबता कोयनेला चौकशी केली गेली आणि केंद्र लातूरच्या बाजूला आहे हे कळलं. त्याच सकाळी मुख्यमंत्री भूकंपग्रस्त भागात पोचले. गोष्ट छोटी आहे, पण शिकण्यासारखी आहे. संकटात पहिला अंदाज बहुतेक वेळा चुकीचा असतो. म्हणून पहिलं काम खात्री करून घेण्याचं, आणि ते नेहमीच आपल्या हातात असतं.

दुसरी हातातली गोष्ट म्हणजे क्रम लावणं. ढिगाऱ्याखालची जिवंत माणसं आधी, जखमी लगेच पुढे, मग अंत्यसंस्कार, मग पाणी, निवारा. ऐकायला सोपं वाटतं. पण एकाच वेळी हजार माणसं हजार गोष्टी मागत असताना ‘हे आत्ता नाही’ असं म्हणणं सोपं नसतं. त्यात बघ्यांची आणि मदतीला आलेल्यांची इतकी गर्दी झाली की रस्तेच अडले. चांगल्या मनाने आलेली माणसंसुद्धा कामात अडथळा ठरू शकतात! मदत येणं आपल्या हातात नसतं, पण आलेल्या मदतीला रांग लावणं असतं. लष्कर आलं, स्वयंसेवी संस्था आल्या, परदेशातून पथकं आली. या सगळ्यांना गावं वाटून देणं, कुणी कुठे जायचं ते सांगणं, हे काम प्रशासनाचं होतं.

घरं का पडली?

आता थोडं आपल्या विषयाचं. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं का गेली? कारण घरंच माणसांवर पडली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ‘माळवद’ हा शब्द पुस्तकात कधी भेटला नाही, तो आजीच्या तोंडून कळला. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर कडीपाट टाकून त्यावर पसरलेलं मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं. पण गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर नवीन माती पडत जायची आणि छताचं वजन वाढत जायचं. काही ठिकाणी हा थर दोन फुटांवर गेलेला होता.

खाली भिंती दगडाच्या, दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड. दिसायला किल्ल्यासारख्या. पण भिंतीचे बाहेरचा आणि आतला असे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांची भरती, आणि सगळं मातीत बसवलेलं. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. जमीन हलल्यावर दोन पदर एकमेकांपासून सुटले, भिंत फुगली आणि ढासळली. जिथे माळवद लाकडी खांबांवर नीट तोललेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडल्या पण सांगाडा उभा राहिला.

म्हणजे बघा, भूकंप तिसऱ्या रकान्यातला, पण भिंत तिसऱ्या रकान्यातली नव्हती. ती बांधणाऱ्या गवंड्याच्या आणि राहणाऱ्या माणसाच्या हातातली होती. ज्यांना पुढचे मृत्यू टाळायचे होते, त्यांना याच हातांपर्यंत पोचायचं होतं. इथून पुढे या कामाचे दोन रस्ते झाले. दोन्ही बघण्यासारखे आहेत.

पहिला रस्ता : ५२ गावं

पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने सुरू झाला. पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. हे सरकारने लादलं असं म्हणता येणार नाही. जिथे आपली माणसं गेली त्या ढिगाऱ्यावर पुन्हा घर नको, दगड तर डोळ्यांसमोर नको, असं लोकच म्हणत होते. घरांचे तीन आकार ठरले. भूमिहीन आणि थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. काही गावं सरकारने बांधली, बरीचशी देणगीदार संस्थांनी. १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रचंड काम उभं राहिलं. एवढ्या कमी काळात एवढी घरं बांधणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि त्याचं श्रेय ज्यांचं आहे त्यांना द्यायलाच हवं.

पण आज त्या गावांतून फिरलं की एक गोष्ट इंजिनीअरच्या नजरेत भरते. रस्ते सरळ, रुंद, कागदावर पट्टीने आखलेले. गाव जुन्या गावापेक्षा कितीतरी पसरलेलं. जुन्या गावात चिंचोळ्या बोळात सावली होती, ओट्यावर बसून शेजारणीशी बोलता येत होतं, वाड्यातल्या अंगणात बैल बांधता येत होते. नव्या नकाशात या गोष्टींसाठी जागा ठेवायचं बऱ्याच ठिकाणी राहून गेलं. बैल कुठे बांधायचा? कडबा कुठे रचायचा? चूल कुठे मांडायची? मग लोकांनी आपल्या परीने बदल केले. पत्र्याची शेड उभी राहिली, कंपाउंड आलं, मागे खोली वाढली.

यात कुणा एकाची चूक काढायचा माझा हेतू नाही. घाई होती, पावसाळा तोंडावर यायचा, लाखभर माणसं पत्र्याखाली होती. अशा वेळी सगळं आपल्या हातात घेऊन पटापट उरकावं असं कुठल्याही लीडरला वाटेल. वेग त्यानेच मिळतो. पण घरात राहणार कोण आणि कसं, ही माहिती मात्र ड्रॉइंग ऑफिसात नसते. ती मधल्या रकान्यात असते, त्या घरातल्या बाईकडे.

दुसरा रस्ता : दोन लाख घरं

कार्यक्रमाचा दुसरा भाग जास्त अवघड होता आणि त्याची चर्चा कमी होते. जी घरं पडली नव्हती पण तडकली होती, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. अशी घरं होती सुमारे दोन लाख, आणि ती दोन हजारांहून जास्त गावांत विखुरलेली. कुठल्याही कॉन्ट्रॅक्टरने किंवा खात्याने प्रत्येक घरात जाऊन हे करणं शक्यच नव्हतं. इथे ‘सगळं माझ्या कंट्रोलमध्ये’ हा मार्ग पहिल्याच दिवशी बंद झाला.

मग काय केलं? काम घरमालकाच्याच हातात दिलं. पैसे हप्त्याहप्त्याने, कामाच्या टप्प्याप्रमाणे. इंजिनीअरचं काम बदललं. तो बांधणारा राहिला नाही, सांगणारा आणि तपासणारा झाला. गवंड्यांना ट्रेनिंग दिलं गेलं. घर मजबूत करायच्या युक्त्या महागड्या नव्हत्या. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळईचा हूक आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरून राहतात. कोपरे जाळीने बांधून घ्यायचे. भिंतीभोवती पट्टा फिरवायचा. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यायचे. १९९३ मध्येच कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी वेगळं भारतीय मानक, क्रमांक १३८२८, प्रसिद्ध झालं. त्यात याच प्रकारच्या गोष्टी आहेत.

पण मानक गावात आपोआप पोचत नाही! हप्ता कधी मिळणार, पट्टा कशाला, सिमेंट किती लागेल, हे समजावणार कोण? सरकारने इथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला सोबत घेतलं. प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली ही संस्था. तिने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. या बायका घरोघर जायच्या, योजना समजावून सांगायच्या, आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायच्या. ज्यांना घरातल्या निर्णयात कुणी विचारत नव्हतं, त्या आता इंजिनीअरला प्रश्न विचारू लागल्या. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत जास्त आवडतो.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं का? नाही. बऱ्याच लोकांनी जुनं दगडी घर मजबूत करण्याऐवजी त्याच पैशांत शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधणं पसंत केलं. टेक्निकली बघितलं तर जुन्या घराचा धोका तसाच राहिला. इंजिनीअरच्या जागी आपण असतो तर चिडलो असतो. इतकं समजावलं, तरी ऐकत नाहीत! पण भिंतीखाली माणसं गाडली गेलेली ज्याने पाहिली, त्याला ‘हा हूक घाला, मग दगड धरून राहील’ हे कसं पटावं? भीती हीसुद्धा साईटवरची एक कंडिशन असते, मातीच्या बेअरिंग कपॅसिटीसारखी. ती नाकारून डिझाइन करता येत नाही. कार्यक्रमाने नव्या खोलीचा पर्याय मान्य केला, आणि भर दिला तो त्या खोलीत तरी भूकंपरोधक पट्टे यावेत यावर. म्हणजे लीडरने कुठे सोडायचं आणि कुठे अडून राहायचं ते ठरवलं. खोली जुनी की नवी, हे घरमालकाने ठरवावं. पट्टा मात्र पाहिजेच.

‘दुसऱ्याच्या हातात’ असलेली गोष्ट कशी हाताळायची, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलं नाही. अटी थोड्या ठेवायच्या, पण पक्क्या ठेवायच्या. बाकीचं मोकळं सोडायचं. माहिती आणि पैसा योग्य हातात द्यायचा. आणि मधे बोलणारं विश्वासाचं माणूस ठेवायचं.

हा अनुभव इथेच संपला नाही. २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या भूकंपग्रस्त गावांतल्या बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. गुजरातच्या पुनर्वसनात घरमालकाने स्वतः घर बांधण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

अपयश कुणाच्या नावावर?

एक प्रश्न उरतो. सगळं नीट करूनही निकाल मनासारखा आला नाही तर? इथे सगळ्यांना माहीत असलेलं एक उदाहरण थोडक्यात आठवू. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून एस.एल.व्ही.-३ चं पहिलं उड्डाण अपयशी झालं. प्रोजेक्ट डायरेक्टर होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पण पत्रकारांसमोर जबाबदारी घेतली ती इस्रोचे चेअरमन सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८० ला पुढचं उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केलं. कलाम हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले.

रॉकेटमध्ये हजारो भाग असतात, त्यातला एखादा फसणं हे चेअरमनच्या हातात नसतं. पण फसल्यानंतर दोष कुणावर पडू द्यायचा, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असतं. आणि याचा परिणाम पुढच्या कामावर होतो. दोष खाली ढकलला की पुढच्या वेळी ज्युनिअर मंडळी अडचण लपवायला लागतात. लीडरला वेळेवर खरी माहिती मिळणं बंद झालं, की त्याचा पहिला रकानाही रिकामा झाला म्हणून समजा.

एक एकर

भूकंप एकदा येतो, दुष्काळ मात्र आपल्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेला. २०१२ नंतरची काही वर्षं तर फारच कठीण गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशाने पाहिलं. शेतकऱ्याचं वर्कप्लेस म्हणजे शेत, आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या मशिनचं, म्हणजे पावसाचं बटण त्याच्याकडे नाही.

त्यात शेतातली बाई म्हणजे आणखीच अवघड. राबायचं तिने, पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. कुठलं पीक घ्यायचं हे ती ठरवत नव्हती. या परिस्थितीत स्वयं शिक्षण प्रयोगासोबत काम करणाऱ्या बायकांनी एक शहाणपणाची मागणी केली. सगळं शेत नको, अर्धा ते एक एकर आमच्याकडे द्या. तेवढ्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू. त्या तुकड्यात त्यांनी एकाच नगदी पिकाच्या भरवशावर न राहता ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला अशी कमी पाण्यावर येणारी खाण्याची पिकं मिसळून घेतली. गांडूळ खत घरी केलं. पाऊस कमी झाला तरी सगळी पिकं एकदम जात नाहीत, काहीतरी हाताला लागतं, आणि घरच्या ताटात भाजी-भाकरी येते. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक या संस्थेला मिळालं.

बघा, पाऊस तिसऱ्या रकान्यात, जमीन दुसऱ्याच्या हातात. त्यातून एक एकर पहिल्या रकान्यात आणला. तो चांगला करून दाखवला, मग घरातल्यांचा विश्वास बसला. यांच्यापैकी बहुतेकींनी मॅनेजमेंटचं एकही पुस्तक वाचलेलं नसणार.

आणि आपण?

आता कुणी म्हणेल, कुठे भूकंप आणि कुठे आपलं होस्टेल! तुलना करायचीच नाही. पण सवय इथेच लागते. टाकीत पाणी नाही, ऐन सबमिशनच्या रात्री लाईट गेली, टेक फेस्टच्या आठ दिवस आधी स्पॉन्सरने हात वर केले, प्रोजेक्ट ग्रुपमधल्या चौथ्या पार्टनरचा फोन लागत नाही... आपण काय करतो? एकतर सगळ्यांवर ओरडतो, नाहीतर ‘आपल्या हातात काय आहे’ म्हणून कॅरम खेळायला बसतो.

त्याऐवजी वहीचं शेवटचं पान उघडा आणि तीन रकाने आखा. तिसऱ्यात जे आहे त्यावर रात्रभर चर्चा करू नका. पहिल्यात जे आहे ते लगेच करा, आणि त्यातही सगळ्यात आधी खरी माहिती काढा. टँकर येणार की नाही हे मेसमधल्या गप्पांवरून ठरवू नका, रेक्टर सरांना विचारा. आणि सगळ्यात जास्त वेळ मधल्या रकान्यावर द्या. तो चौथा पार्टनर का येत नाही, त्याला कोणतं काम जमेल, त्याच्याशी कोण बोललं तर तो ऐकेल? त्याचं काम ओढून स्वतः करून टाकणं सोपं आहे, पण मग व्हायवाला तो गप्प उभा राहतो आणि ग्रुपचे मार्क जातात.

आपल्या शिक्षकांना आणि होस्टेलच्या स्टाफलाही एक विनंती करावीशी वाटते. नियम थोडे ठेवा पण पक्के ठेवा, आणि बाकीच्या गोष्टी मुलामुलींवर सोपवून बघा. मेसचा मेनू, रीडिंग रूमची वेळ, पाण्याचं वेळापत्रक... आम्ही चुकू, पण त्या चुकांतूनच उद्या साईटवर उभं राहायची तयारी होईल.

सुट्टीत घरी जाताना उमरगा-लोहाऱ्याच्या बाजूने गेलात तर सास्तूरला जरूर थांबा. नवं गाव बघा, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. एखाद्या जुन्या घराच्या भिंतीत काँक्रीटचा आरपार टाका दिसला, तर त्याच्यावर हात ठेवून बघा. फाटलेल्या आभाळाला लावलेलं ते आपल्या जिल्ह्यातलं एक ठिगळ आहे.